झाकण सुकं, बूड ओलं

परवा सकाळी सव्वासातला मी बनियनवर, पिझ्झाचा रिकामा खोका घेऊन खाली गेलो. पुठ्ठा म्हणजे सुका कचरा, सुका म्हणजे निळा डबा, एवढी अक्कल आपल्याला आहे असं मला तोपर्यंत वाटायचं.

"थांबा, सहाशे तीन." सोसायटीच्या कचरा कमिटीचे काका. रिटायर झाल्यापासून डब्यांपाशीच असतात. त्यांनी खोका उघडला आणि चक्क दिवसाउजेडी त्यात टॉर्च मारला.

"चीज आहे."

"वाळलंय हो काका."

"वाळलं म्हणजे सुकं होत नाही. भाकरी वाळली तर निळ्यात टाकाल?"

यावर काय बोलणार? वॉचमनने मान डोलावली, झाडूवाल्या मावशी झाडू टेकून उभ्याच राहिल्या. काकांनी बुडाला अंगठा दाबला, अंगठा मला दाखवला, मग मावशींना दाखवला. "तेल मुरलंय. लगद्यात हे तेल गेलं की नवा कागद डागाळतो, कोण घेणार?" मग निकाल. झाकण सुकं, बूड ओलं. फाडा. तर मी तिथेच खोका फाडतोय, एक बाजू वॉचमनने धरलीये, आणि मधून ती पांढरी प्लॅस्टिकची तीन पायांची बाहुलीच्या टेबलासारखी वस्तू टपकन खाली पडली. मावशी म्हणाल्या, "ही नातीला नेऊ का?" दिवसभरातलं सगळ्यात शहाणं रिसायकलिंग ते.

चिडचिड याची की वर येऊन मोबाईलवर बघितलं तर म्हातारा बरोबर होता. तेलकट पुठ्ठा खरंच चालत नाही.

पण मग मला सांगा, माणसाने लक्षात तरी किती ठेवायचं? २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरातला धोकादायक असे तीनच भाग होते, त्यात ज्यूसचा खोका बसवा बघू, कागद, प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम एकावर एक चिकटवलेलं. चिप्सचं पाकीट आतून चांदीसारखं चमकतं आणि भंगारवाला ढुंकून बघत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, तो चिमुकला तुकडा कुठेतरी हरवतो म्हणून, आणि वर पिशवी धुवून द्या! इकडे घोडबंदर रोडला आम्ही टँकरचं पाणी विकत घेतो, बिल्डिंगला दोन तास पाणी, त्यात मी श्रीखंडाचे डबे विसळू? आई दुधाच्या पिशव्या धुवून ओट्यामागच्या टाईल्सवर चिकटवायची, वाळल्या की आपोआप गळून पडायच्या, मग रद्दीवाल्याला किलोवर. तेव्हा कमिटी नव्हती, टॉर्च नव्हता, अंगठा तर नव्हताच.

असो. झाकण निळ्यात टाकणार तेवढ्यात काका परत म्हणाले, "थांबा." वर बिल चिकटलेलं. हा गुळगुळीत बिलाचा कागद म्हणे केमिकलवाला, तोही कागदात चालत नाही. त्यांनी तो नखाने हळूहळू सोलला, फोटो काढला आणि 'बिल असे वेगळे करावे' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फ्लॅट नंबर, आयटम, वेळ, सगळं स्वच्छ दिसतंय.

त्या ग्रुपवर बायको पण आहे. सध्या माहेरी. तिचा दोन मिनिटांत मेसेज, "ऑर्डर ७:४२ ची दिसतेय. काल संकष्टीला चंद्रोदय ९ नंतर होता ना?"