मूल घरी आलं, पण घराचं काय?

बालगृहातून मूल घरी सोडताना सगळं लक्ष मुलावर असतं. ज्या घरात ते परततं, त्या घराला मात्र कुणी विचारत नाही. आईची सही झाली की फाईल बंद. हे मला अजिबात पटत नाही.

निपाणीत विड्या वळणाऱ्या, खानापूरकडं मोलमजुरी करणाऱ्या आया पोरांना हौसेनं लांब ठेवत नाहीत. नवरा गेलेला असतो, ऊसतोडीला जायचं तर पोराला कुणाकडं सोडायचं हा प्रश्न असतो. अशीच एक आई मला म्हणाली, "पोरगं माझंच हाय, पण पाव्हण्यागत बसतंय. भाकरी घेऊ काय म्हणून इचारतंय."

पहिले काही दिवस लाडात जातात. मग रात्री अंथरूण ओलं व्हायला लागतं, उशीखाली भाकरी सापडते, एवढ्यातेवढ्यावरून आदळआपट होते. शेजारीण म्हणते, आश्रमात राहून बिघडलं. ते बिघडलेलं नसतं हो, बिथरलेलं असतं! आणि इतकी वर्षं घरीच राहिलेली धाकटी बहीण? आईची कूस आता वाटून घ्यावी लागते म्हणून तीही रुसलेली असते.

आपल्या सीमाभागात गुंता आणखी वाढतो. बालगृहात असताना कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेलं पोर इकडं गावच्या मराठी शाळेत बसवतात. कागद कन्नडात, आईला येतं फक्त मराठी. सही कशावर केली तेच तिला ठाऊक नसतं.

बाल न्याय कायदा, २०१५ म्हणतो की मुलाला बालगृहासारख्या संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय. योग्यच आहे. पण सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं कर्नाटकासह आठ राज्यांना बालगृहांतली मुलं १०० दिवसांत घरी पोचवायला सांगितलं. घराची तयारी अशी तारखेवर होते का?

मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेत पात्र मुलासाठी महिना ४,००० रुपयांची मदत आहे. विधवा, परित्यक्ता आईची मुलं त्यात बसतात, खेड्यात वर्षाचं उत्पन्न ७२,००० च्या आत असलं तर. ही मदत मूल उंबरठ्यावर येण्याआधी मंजूर व्हायला हवी. आणि नंतर घरी येणाऱ्या कार्यकर्तीला मराठी बोलता यायला हवं.

ज्या पोरापोरींना कन्नड वाचता येतं त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या गल्लीत असं घर असेल तर जा, त्या माउलीला कागद वाचून दाखवा, जिल्हा बाल संरक्षण घटक या जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयाकडचा मदतीचा अर्ज तिच्यासोबत बसून भरा. अडलंच तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन लावून द्या.