इटलीचा प्रोग रॉक तीन नावांवर थांबत नाही
इटलीच्या प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा (म्हणजे 'प्रोग', दीर्घ आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) तुमचा लेख आवडला, मात्र त्यात या संगीताची ओळख पीएफएम, बांको आणि ले ओर्मे या तीन बँडवरच आटोपती घेतली, हे थोडे खटकले. लिगुरियातील म्युझेओ रोझेनबाख या बँडचा १९७३ सालचा 'झाराथुस्त्रा' हा अल्बम अवश्य ऐकावा. त्याची पहिली बाजू एकाच दीर्घ रचनेने व्यापलेली असून, मेलोट्रॉनच्या (टेपवर ध्वनिमुद्रित केलेले सूर वाजवणारा कीबोर्ड) दाट सुरांखाली हॅमंड हा विजेवर चालणारा ऑर्गन सतत गुरगुरत राहतो. मुखपृष्ठावरील कोलाजमध्ये मुसोलिनीचा अर्धपुतळा दिसल्याने या मुलांवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला आणि संगीत मागे पडले, हे दुर्दैवच. आस्ती शहरातील लोकांदा देल्ले फाते या बँडची अडचण निराळी होती: दोन कीबोर्ड आणि दोन गिटार यांची इतकी नाजूक वीण असलेला त्यांचा पहिला अल्बम १९७७ साली, म्हणजे पंक या साध्या, रांगड्या रॉकच्या ऐन धामधुमीत आला. आरेआ हा बँड मात्र सर्वांनाच रुचेल असे नाही. त्यात जॅझ आहे, बाल्कन लय आहे, उघड डावे राजकारण आहे आणि गायक देमेत्रियो स्त्रातोसचा आवाज आहे. एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढण्याचे त्याचे प्रयोग (हे वाचून पटणार नाही, ऐकावेच लागेल) १९७९ मधील त्याच्या अकाली निधनाने थांबले.