अण्णांचा बावीस-चोवीसचा पान्हा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका शिकल्यासवरल्या शेजाऱ्यांनी लिहिले, "एवढे अणुबाँब काय पूजेला ठेवलेत? एकदाचे पाकिस्तानवर टाका आणि मोकळे व्हा." खाली भराभर अंगठे उमटले. मी इतकेच विचारले की ज्या वस्तू टाकायची आपल्याला एवढी घाई झाली आहे, त्या सांभाळताना आजवर काय चुकले, त्यांच्यावर किती खर्च झाला आणि त्या कधीतरी कमी होणार आहेत का, याची चौकशी आपल्यापैकी कोणी कधी केली आहे का? उत्तर आले, "काही गोष्टी विचारायच्या नसतात, ताई."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेले नाही, कारण ते मी पूर्वी आमच्या घरात ऐकलेले आहे.

माझे वडील, आमचे अण्णा, चेंबूरजवळच्या एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. १९८३च्या पावसाळ्यात एका रात्रपाळीला ते टाकीच्या वरच्या जाळीवर उभे राहून नट आवळत होते, तेव्हा बावीस-चोवीस मापाचा पान्हा त्यांच्या ओल्या हातातून निसटला आणि खालच्या पाइपवर आपटून जमिनीवर पडला. कोणी पाहिले नव्हते आणि गळतीही झाली नव्हती. तरी पाळी संपताना अण्णांनी लॉगबुकात वेळ लिहिली, रात्रीचे २.४०, जागा लिहिली, "पान्हा हातातून पडला, पाइप तपासावा" असे लिहिले आणि खाली सही केली. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला आणि एक वर्षाची वेतनवाढ थांबली. साहेब त्यांना म्हणाले होते, "लिहायची काय गरज होती? काही गोष्टी लिहायच्या नसतात." मी तेव्हा आठवीत होते, आणि त्या वर्षी माझ्या सहलीचे पैसे भरले गेले नाहीत.

आता १८ सप्टेंबर १९८० या दिवसाकडे पाहा. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, डमास्कस गावाजवळ, जमिनीखालच्या विहिरीसारख्या तळात टायटन-२ क्षेपणास्त्र उभे होते आणि त्याच्या टोकावर हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे सहाशे पट शक्तीचे अण्वस्त्र होते. देखभालीचे नेहमीचे काम करणाऱ्या एका तरुणाच्या हत्यारातून सुमारे साडेतीन किलोचा सॉकेट, म्हणजे पान्ह्याचा नट पकडणारा भाग, सुटला, सत्तर-ऐंशी फूट खाली गेला आणि इंधनाच्या टाकीला भोक पडले. पहाटे स्फोट होऊन तळाचे शेकडो टनांचे झाकण उडाले, एक जवान मरण पावला आणि ते अण्वस्त्र बाहेर जाऊन पडले. ते फुटले नाही म्हणून तेथील लोक वाचले. म्हणजे घडले ते पान्हा पडण्यासारखेच होते, फक्त पान्ह्याच्या खाली काय उभे होते, एवढाच फरक.

हा एकच प्रकार नव्हता. २४ जानेवारी १९६१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील गोल्ड्सबरोजवळ एक बी-५२ बाँबफेकी विमान हवेत तुटले आणि त्यातून दोन हायड्रोजन बाँब खाली आले. त्यांपैकी एकाचा स्फोट अखेरीस एका साध्या, कमी व्होल्टेजच्या स्विचमुळे टळला, असे अमेरिकेच्याच शास्त्रज्ञाने लिहून ठेवले होते, आणि तो कागद लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडले. १९६६ मध्ये अमेरिकेच्याच विमानातून स्पेनमधील पालोमारेस गावाच्या परिसरात चार बाँब पडले, तीन जमिनीवर आणि एक समुद्रात, आणि शेतांत किरणोत्सर्गी प्लुटोनियम पसरले. २००७ मध्ये अमेरिकेतच अण्वस्त्रे बसवलेली सहा क्रूझ क्षेपणास्त्रे चुकून विमानाला लटकवून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेली गेली आणि सुमारे छत्तीस तास कोणाच्या लक्षातही आले नाही. या गोष्टी आज मला मुंबईत बसून सांगता येतात, कारण त्या कोणीतरी लिहिल्या, कोणीतरी मागितल्या आणि उशिरा का होईना, दिल्या गेल्या.

आणि आपल्याकडे? ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर अण्वस्त्र नव्हते, हे मान्य. पण आपल्याला ते आपल्या सरकारकडून दोन दिवसांनी कळले, पाकिस्तानने जाहीर केल्यानंतर. ऑगस्टमध्ये तीन अधिकारी बडतर्फ झाले आणि विषय मिटला. नेमके काय निसटले, ते पुन्हा निसटू नये म्हणून काय बदलले, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नाही. दोन अण्वस्त्रधारी देशांच्या मध्ये एक क्षेपणास्त्र चुकून उडते आणि आपण तो चौकशी अहवाल मागतसुद्धा नाही! सोसायटीच्या पाण्याचा पंप जळला तेव्हा याच शेजाऱ्यांनी वार्षिक सभेत वाइंडिंगच्या बिलावरून पाऊण तास सेक्रेटरींना उभे केले होते, आणि ते योग्यच केले होते.

बाँब कुठे ठेवले आहेत आणि त्यांची कुलपे कशी उघडतात, हे गुप्तच राहिले पाहिजे. मी ते मागत नाही. पण अपघात झाले का, खर्च किती, देखरेख कोणाची, हे गुप्त कशासाठी? अमेरिकेच्या संसदेचे अर्थसंकल्प कार्यालय २०२५ ते २०३४ या दहा वर्षांत त्यांच्या अण्वस्त्रांवर ९४६ अब्ज डॉलर खर्च होतील, असा अंदाज छापून मोकळे होते. आपल्या अर्थसंकल्पात अण्वस्त्रांची म्हणून वेगळी ओळच नाही. आमच्या गच्चीवरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुरक्षिततेवरची अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख २००० साली काढून घेतली गेली आणि केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे दिली गेली. अण्णांच्या कारखान्यातही तपासणारे आणि लपवणारे एकाच साहेबांच्या हाताखाली होते, म्हणून मला हे फार जवळून कळते. अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेचा अहवाल मिळावा म्हणून काही नागरिक आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २००४ मध्ये अणुऊर्जा कायद्यातील गुप्ततेच्या कलमाच्या बाजूने निकाल लागला.

सगळ्यात जास्त टोचते ते वेगळेच. १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, १९९२ पासून, युद्धाच्या वर्षीही. चांगली गोष्ट आहे, ती चालूच राहिली पाहिजे. पण ज्याच्यावर बाँब टाकून मोकळे व्हा म्हणता त्याला यादी मिळते, आणि मी, या देशाची कर भरणारी नागरिक, प्रश्न विचारला तर देशद्रोही ठरते.

शेजाऱ्यांबद्दल एवढे कडू लिहिल्यावर हेही लिहायला हवे की गेल्या पावसात आईला रात्री बाराला दम लागला, तेव्हा गुडघाभर पाण्यातून तिला खुर्चीसकट रिक्षापर्यंत नेणारे हेच होते. माणूस वाईट नाही. ७ मे २०२५ ला सरावाचे भोंगे वाजले तेव्हा त्यांची नात घाबरून आमच्याकडे येऊन बसली होती. तिला जवळ घेऊन बसताना माझ्या मनात आले की हिरोशिमावरचा बाँब आजच्या मानाने लहानच होता, तरी १९४५ संपेपर्यंत त्याने सुमारे १,४०,००० माणसे मारली, आणि आपल्या मुंबईतल्या बहुतेक प्रशासकीय वॉर्डांत त्याहून किती जास्त लोक राहतात!

कमी करा म्हणणे हा भाबडेपणा आहे, असेही मला सांगितले गेले. शेजारी देशाकडे बाँब आहेत आणि आपण एकट्याने उद्या टाकून देऊ शकत नाही, हे मला कळते. पण जून १९८८ मध्ये याच देशाच्या पंतप्रधानांनी, राजीव गांधींनी, संयुक्त राष्ट्रांत उभे राहून २०१० पर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला होता. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बाँब मोडून टाकले आणि १९९३ मध्ये जगाला तसे सांगितले. अण्वस्त्रबंदीचा करार २०२१ पासून लागू आहे. आपण त्याच्या वाटाघाटींनाही गेलो नाही. प्रथम वापर न करण्याचे आपले धोरण चांगले आहे, पण हातातून निसटणारी वस्तू धोरण वाचून निसटत नाही.

मेमो मिळाला त्या दिवशी आई अण्णांवर खूप चिडली होती. ते जेवता जेवता एवढेच म्हणाले, "उद्या त्या पाइपाखाली जो उभा राहील, त्याला ठाऊक नको का?" त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी प्रत्येक पान्ह्याला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक मनगटाला गुंडाळले. सुतळीने काळवंडलेला तो पट्टा त्यांच्या मनगटावर अखेरपर्यंत दिसत असे.

आता रात्रीचे ११.२० झाले आहेत. ब्रह्मोसचा चौकशी अहवाल संसदेसमोर ठेवावा, असे पत्र मी आमच्या खासदारांना लिहिले आहे आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आहे. त्याच्या खाली वेळ घातली आहे, फ्लॅटचा नंबर घातला आहे आणि पूर्ण सही केली आहे.