ठाणेकरांना उत्तर : सात चोक अठ्ठावीस

नमस्कार ठाणेकर,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो रागामुळे नाही. लिहायला बसले की वाटायचं, एकदा रेकॉर्ड लावून खात्री करून घेऊ. रेकॉर्ड लागली की लिहिणं बाजूला राहायचं.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्याकडे रॅमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक-रॉक बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांच्या अकरा एलपी तबकड्या आहेत, असं मी मागच्या लेखात जरा मिरवत लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : मैफलींची ध्वनिमुद्रणं जमवणं समजू शकतं, तुमच्या मामांनीही स्पूलवर (टेपच्या रिळांवर) जमवली होती, पण तिथे तोच राग दर वेळी नव्याने उभा राहतो. इथे तीच गाणी, तेच तीन कॉर्ड, तोच आरडाओरडा. मग अकरा कशाला? शिवाय पंक म्हणजे बाजाराला शिव्या घालणारं संगीत, आणि त्याच्या रंगीत तबकड्यांवर मी पौंड उधळते. तिसरं, हल्लीच्या बहुतेक तबकड्यांच्या खाचा डिजिटल फाइलवरूनच कापतात, तेव्हा व्हायनलचं, म्हणजे तबकड्यांचं, कौतुक हा निव्वळ शौक. आणि जाता जाता तुम्ही माझी एक चूकही काढलीत.

आधी चूक. रॅमोन्सचा लाइव्ह अल्बम ‘इट्स अलाइव्ह’ १९७९ साली इंग्लंड आणि अमेरिकेत बरोबरच आला, असं मी ठोकून दिलं होतं. तो एप्रिल १९७९ मध्ये इंग्लंड-युरोपात आला. खुद्द न्यूयॉर्कच्या या पोरांचा हा अल्बम अमेरिकेत तेव्हा निघालाच नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार, आणि हे मनापासून.

आता तुमचा मुख्य मुद्दा. यावर मी तुमच्याशी भांडणार होते. चार दिवस ऐकल्यावर लक्षात आलं की तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त त्यातून तुम्ही जे काढलंत ते मला पटत नाही. रॅमोन्स रंगमंचावर काहीही नवं करत नाहीत. जॉनी गिटारवर आलाप घेत नाही, सोलो जवळपास नाहीतच. त्याचा उजवा हात तासभर फक्त वरून खाली, वरून खाली. (घरी टेबलावर बोटांनी करून पाहा. दीड मिनिटात मनगट भरून येतं.) एक गाणं संपतं, बेस गिटार वाजवणारा डीडी ‘वन-टू-थ्री-फोर’ ओरडतो, पुढचं सुरू. कोण कुठे उभं राहणार तेही ठरलेलं. त्यामुळे मामांच्या स्पूलला जो कान लावायचा तो इथे लावला तर हाती काही लागणार नाही. तिथे आपण बुवा आज कुठे नवं वळण घेतात ते ऐकतो. इथे मी ऐकते ते हे की यांनी काहीच हलू दिलं नाही, ते कसं जमवलं, आणि तरीही काय हललं.

उदाहरण देते. ‘इट्स अलाइव्ह’ मुद्रित झाला ३१ डिसेंबर १९७७ ला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये. अठ्ठावीस गाणी, चोपन्न मिनिटांच्या आत. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला सात गाणी : सात चोक अठ्ठावीस, पाढ्यासारखं. एका बाजूला साधारण साडेतेरा मिनिटं. एलपीच्या बाजूवर वीसेक मिनिटं सहज मावतात, त्यामुळे इथे खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि आवाज मोठा कापता येतो. गाणं सुरू व्हायच्या आधी, टाळ्यांतच हे कळतं.

त्या दौऱ्यात एकूण चार रात्री मुद्रित केल्या होत्या : २८ ला बर्मिंगहॅम, २९ ला स्टोक-ऑन-ट्रेंट, ३० ला एल्सबरी, ३१ ला लंडन. अल्बमसाठी लंडनची रात्र निवडली. कार्यक्रम संपल्यावर लोकांनी खुर्च्यांच्या दहा रांगा मंचाकडे भिरकावल्या, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. उरलेल्या तीन रात्री एकेचाळीस वर्षं कपाटात होत्या. २०१९ मध्ये चाळिसाव्या वाढदिवसाच्या पेटीत त्या बाहेर आल्या, आठ हजार प्रतींपुरत्या.

ती पेटी आल्यावर मी एका शनिवारी चारही रात्री ओळीने ऐकल्या. सकाळी पोह्यांबरोबर बर्मिंगहॅम, संध्याकाळपर्यंत लंडन. घरातला दुसरा माणूस दुपारी ‘जरा फिरून येतो’ म्हणून गेला तो दिवेलागणीला परत आला. गाण्यांची यादी जवळजवळ तीच, क्रमही तोच. आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत मला वेगळंच ऐकू यायला लागलं : दोन गाण्यांमधली जागा. टॉमीच्या ड्रमचा शेवटचा ठोका आणि डीडीचा ‘वन’ यांच्यामध्ये श्वासभर जी फट राहते, ती. ती फट हॉलप्रमाणे बदलते. लोक गरम असले की डीडी त्यांना संपूर्ण ओरडूही देत नाही.

आपल्याकडे गणपतीत पहिल्या दिवशीची आरती आणि दहाव्या दिवशीची आरती यांत शब्दाचाही फरक नसतो. पण बाहेर जिन्यात उभं राहून डोळे मिटून ऐकलं तरी आज कितवा दिवस ते सांगता येतं. माझा कान त्यावर तयार झालाय, डोंबिवलीच्या चाळीत. मैफलीवर नाही.

बरं, बोलायचं म्हणाल तर गायक जोई फारसं बोलतही नाही. पण पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यानंतर तो चिकन विंदालू खाल्ल्याचं सांगतो, आणि लगेच पुढचं गाणं सुरू होतं त्याचं नाव ‘आय वॉना बी वेल’, म्हणजे मला बरं व्हायचंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. विंदालू! पोर्तुगिजांकडून गोव्यात आलेला, व्हिनेगर-लसणीत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा पदार्थ, लंडनच्या करी हाउसात शिरताना कोंबडी आणि तिखटजाळ होऊन बसलेला, आणि तो न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या काटकुळ्या पोराच्या पोटात. माझ्या गोव्याच्या मावशीला ऐकवलं, तर ती म्हणाली, ‘चिकनचा खाल्ला ना, मग भोग.’

हे यूट्यूबवर नाही का ऐकता येत? येतं. पण तिथे मी विंदालूपर्यंत पोचण्याआधी दुसरीकडे गेलेली असते. तबकडीवर सात गाणी संपेपर्यंत उठायचं नसतं, एवढाच माझा तिच्याशी करार.

आता एकच रात्र नाही, वर्षं ओलांडून ऐका. माझ्याकडे न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधला ३१ डिसेंबर १९७९ चा कार्यक्रम आहे, रेनबोनंतर बरोबर दोन वर्षांचा. ड्रमवर आता टॉमी नाही, मार्की आहे. टॉमी गाण्याला खांदा देतो, मार्की गाण्याला मागून ढकलतो. मग १९९१ चा बार्सिलोनाचा ‘लोको लाइव्ह’. इथे वेग असा की जोई शब्दांची शेपटं गिळतो. कधी कधी तर ओळीचं नुसतं हाड उरतं. डीडी १९८९ मध्येच सोडून गेलेला. ‘वन-टू-थ्री-फोर’ आता सीजे ओरडतो, जो रेनबोच्या रात्री बारा वर्षांचा होता. एकमेकांच्या नात्यातले नसताना प्रत्येकाने रॅमोन हेच आडनाव लावलं. घराणं म्हणायचं तर म्हणा.

आणि एक गोष्ट, जी माहीत झाल्यापासून मला या रेकॉर्डी पूर्वीसारख्या ऐकता येत नाहीत. जोईची मैत्रीण लिंडा पुढे जॉनीची बायको झाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जोई आणि जॉनी एकमेकांशी जवळपास बोलतच नव्हते. एकाच व्हॅनमधून प्रवास, एकाच मंचावर चार हातांच्या अंतरावर उभं राहणं, आणि शब्द नाही. असं १९९६ पर्यंत. ६ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, तो २,२६३ वा. तोही माझ्याकडे आहे. त्यात अबोला ऐकू येतो का? मी खूप शोधला. येत नाही. जॉनीचा हात वरून खाली येतो आणि जोई नेमका त्यावर पाय ठेवतो, रेनबोत ठेवायचा तसाच. तुम्ही याला ‘तेच ते’ म्हणता. मी पण तेच म्हणते. फक्त तेच ते वीस वर्षं ठेवायला काय पडतं, हे एका रेकॉर्डवर कळत नाही, म्हणून अकरा.

बाजाराचा मुद्दा. पंक म्हणजे विक्रीला विरोध हे इंग्लंडातल्या काही मंडळींनी फार जोरात सांगितलं, आणि तीही रेकॉर्ड कंपन्यांशी करार करतच. रॅमोन्सनी तसा आव आणलाच नाही. त्यांना बीटल्ससारखं गाजायचं होतं. नावसुद्धा पॉल मॅकार्टनी हॉटेलात घ्यायचा त्या टोपणनावावरून उचललेलं. त्यांचं ते गरुडाचं बोधचिन्ह अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून आर्तुरो वेगाने बेतलं, आणि तोच जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाला हजर राहून टी-शर्ट विकायचा. रेकॉर्डी खपत नव्हत्या. १९७६ चा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये झाला, आणि अमेरिकेत त्याला गोल्डचा (पाच लाख प्रतींचा) शिक्का मिळाला २०१४ मध्ये. त्याच वर्षी टॉमी गेला, मूळ चौघांतला शेवटचा. जोई, डीडी, जॉनी त्याच्या दहा-तेरा वर्षं आधीच गेले होते. तेव्हा गाडीचं पेट्रोल टी-शर्टांवर निघत होतं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

रंगीत तबकड्यांबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. मी दोन घेतल्यात, एक केवळ रंगासाठी. लाज वाटते ती त्याहून वेगळ्या खरेदीची. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘इट्स अलाइव्ह’ची ‘पहिली प्रेसिंग (पहिल्या छापाची प्रत), जवळपास कोरी’ म्हणून घेतली, खिशाला चांगलीच कात्री लावून. घरी आल्यावर लेबलाशेजारच्या कोऱ्या कड्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर (त्यावरून प्रत कुठल्या छापाची ते कळतं) दिव्याखाली तिरका धरून वाचला, तर ती बऱ्याच नंतरची प्रत. विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही. माझ्याकडची खरी १९७९ ची प्रत आहे ती धर्मादाय दुकानातून सहा पौंडांत मिळालेली. आतल्या पाकिटावर कुणीतरी निळ्या बॉलपेनने सात नंबरच्या गाण्यापुढे बदामाचं चित्र काढलंय. तिसऱ्या बाजूवर एक ओरखडा आहे. ३३⅓ च्या वेगाने तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणून दर १.८ सेकंदांनी ‘टिक’. एका गाण्यात ती टिक क्षणभर टॉमीच्या ठोक्यावर बरोबर येते, मग हळूहळू सरकत निसटते. ही प्रत मी विकणार नाही.

डिजिटलबद्दल : हो. कित्येक तबकड्या डिजिटल फाइलवरूनच कापतात, २०२२ मध्ये तर ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’, म्हणजे मध्ये डिजिटल नाहीच, म्हणून नावाजलेल्या एका अमेरिकन कंपनीचंही बिंग फुटलं. आणि ज्या तीन रात्रींबद्दल मी वर एवढं लिहिलं त्या पेटीत सीडीवर आहेत, तबकडीवर नाहीत. माझ्या कानाला त्याने काही झालं नाही. या मुद्द्यावर माझ्याकडे बाजूच नाही.

रेनबो थिएटरचं काय झालं, असं दुसऱ्या एका वाचकाने विचारलंय, तेही इथेच. १९८१ पासून तिथे कार्यक्रम बंद झाले. इमारत १९३० ची, आत मूरिश (जुन्या अरबी-स्पॅनिश) धाटणीचं दालन आणि मधोमध कारंजं. आता तिथे चर्च आहे. सेव्हन सिस्टर्स रोडवरून माझी बस जाते तेव्हा रविवारी सकाळी दारात ठेवणीतले कपडे घातलेली मंडळी दिसतात. आतल्या खुर्च्या आता जमिनीला नीट ठोकलेल्या असाव्यात.

शेवटी एक विचारायचंय. मामांच्या स्पूलबद्दल तुम्ही भूतकाळात लिहिलंत, ‘जमवली होती’. आहेत का अजून? कुणाच्या घरी? ठाण्याच्या हवेत तीस-चाळीस पावसाळे काढलेली फीत असेल तर मशीन सापडलं म्हणून लगेच लावून पाहू नका. आधी डब्यातून काढून कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा, आणि वळसे एकमेकांना चिकटलेत का तेही. चिकटले असतील तर ओढू नका, फितीवरचा थर निघून येतो आणि त्याबरोबर आवाजही. जाणकाराकडे न्या. डब्यांवर मामांनी तारखा, गावं, रागांची नावं लिहिली असतील तर त्यांचे फोटो आजच काढून ठेवा, शाई आधी उडते. एकच राग दोनदा सापडला, तर ती दोन्ही मला ऐकायची आहेत.