तीन खजुरांनी हिमोग्लोबिन वाढते का?

“रोज रात्री तीन खजूर दुधात भिजवा आणि सकाळी दुधासकट घ्या, पंधरा दिवसांत हिमोग्लोबिन दोन अंकांनी वाढते, लोहाच्या गोळ्या लागत नाहीत, साखर नैसर्गिक असल्याने मधुमेहींनाही चालते आणि नवव्या महिन्यात खाल्ल्यास बाळंतपण सुलभ होते.” हा संदेश कोथरूड-सदाशिव पेठेतल्या माझ्या तीन नातेवाइकांनी आठवडाभरात मला पाठवला. खजुराशी माझे वैर नाही. चिंच-खजुराच्या चटणीवाचून आमच्या घरी भेळ होत नाही. तरीही गोळ्या सोडा असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर द्यायला हवे.

आधी लोहाचा हिशेब पाहू. १०० ग्रॅम खजुरात सुमारे १ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन खजुरांतून जेमतेम ०.३ मिलिग्रॅम मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. बाजरीच्या एका भाकरीत या तीन खजुरांच्या कितीतरी पट लोह असते, पण भाकरीचे संदेश कोणी फिरवत नाही. त्यातही वनस्पतिजन्य लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते, आणि दुधातले कॅल्शियम त्या शोषणात आणखी अडथळा आणते. तेव्हा लोहासाठी खजूर दुधातच भिजवा हा सल्ला स्वतःच्याच पायावर धोंडा पाडणारा आहे. रक्तक्षयावर सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे खजुरातून मिळवायचे तर मार्केट यार्डातून दररोज सहा किलो खजूर आणावा लागेल.

हा समज आला कुठून, याचा एक अंदाज करता येतो. बाळंतिणीच्या खुराकात खारीक घातलेले डिंकाचे लाडू आणि अळिवाचे लाडू शेजारीशेजारी असत. लोहाने समृद्ध होते ते अळीव, नाव मात्र खारकेचे झाले.

मधुमेहाबाबतचा दावा अधिक घातक आहे. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असतो. तंतूंमुळे ती रक्तात तुलनेने सावकाश उतरते, हे खरे. म्हणून ती नाहीशी होत नाही. शिवाय ‘तीन खजूर’ हे मापच फसवे आहे. रमजानच्या दिवसांत कॅम्पातल्या दुकानांत मिळणारा मोठा, मेदजूल जातीचा खजूर एकच २४ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात सुमारे १६ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे साखर असते. असे तीन खाल्ले की बारा चमचे झाले. लहान जातीच्या खजुरात हाच आकडा एकेका फळामागे चमचा-सव्वा चमच्यावर येतो. भिजवल्याने साखर कमी होते असेही काही जण सांगतात, पण ती दुधात उतरते आणि दूध तर आपण पिऊनच टाकतो.

बाळंतपणाच्या दाव्यामागे थोडा आधार आहे, तोही नोंदवला पाहिजे. जॉर्डनमधील एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, शेवटच्या चार आठवड्यांत रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ स्त्रियांची तुलना न खाणाऱ्या ४५ जणींशी केली गेली आणि पहिल्या गटात कळा कृत्रिमरीत्या आणण्याची गरज कमी पडली. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि संख्याही लहान होती. गरोदरपणातला मधुमेह असलेल्या स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

मग खजुरात आहे काय? १०० ग्रॅममागे ६५० ते ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सहा ते आठ ग्रॅम तंतू, ही त्याची खरी पुंजी. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा दोन खजूर आणि मूठभर दाणे केव्हाही बरे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र हेच पोटॅशियम बाधू शकते, आणि त्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

माझ्या मावशीने हा संदेश वाचून गोळ्या थांबवल्या होत्या. खोदून विचारल्यावर कळले की गोळ्यांनी बद्धकोष्ठ होत होते, म्हणून तिला निमित्तच हवे होते. डॉक्टरांना विचारून आता ती गोळी लिंबूसरबताबरोबर घेते, चहा तासाभराने पिते आणि पोट साफ राहावे म्हणून दुपारी दोन खजूर खाते.