आधी हातोडी, मग विचार

अंगणात गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवलाय. रोज सकाळी चहाच्या आधी वाकून बघायचं, रात्रीतून किती थेंब पडले ते. एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा, बदलून दहा दिवस झाले. बदलायच्या आधी गाडी एक थेंब गळत नव्हती, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सुरुवात कटकटीनेच झाली, अगदी शब्दशः. स्टिअरिंग पूर्ण कापून गल्लीत वळलो की पुढच्या उजव्या चाकातून कट-कट-कट. वाकून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं आणि एक्सलचा बूट चिरलेला. बूट म्हणजे एक्सलच्या जॉइंटवरची, म्हणजे सांध्यावरची, घड्याघड्यांची रबरी टोपी. ग्रीस आत ठेवायचं, धूळ बाहेर ठेवायची, एवढंच तिचं काम. ती फाटली की ग्रीस बाहेर आणि धुळ्याची धूळ आत. मग आतल्या गोळ्या कोरड्या फिरतात आणि स्वतःच्याच खाचा खातात. फाटल्या फाटल्या बूट बदलला असता तर काही शेकड्यांत भागलं असतं. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालंय, बिलात 'जनरल चेकअप'चे पैसे लावलेत. काय चेक केलं रे बाबा? डॅशबोर्डवरचा गणपती?

बरं, गेलो गॅरेजला. मे महिना, पत्र्याचं शेड, बाहेर 43 डिग्री. मिस्तरी म्हणाला, "व्हई जाई भाऊ, एक तासनं काम शे." सकाळचे दहा वाजले होते.

एक्सलचा मधला नट गाडी जमिनीवर असताना, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून सैल करायचा असतो. त्याला दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास ताकद लावून आवळलेलं असतं, हवेतलं चाक नुसतं गरगर फिरणार. यांनी जॅक लावला, चाक काढलं आणि मग टॉमी, म्हणजे लांब लोखंडी दांडा, घातली. डिस्क फिरायला लागली तेव्हा पोऱ्याने डिस्कच्या फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो वाकला. दुसरा खुपसला. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची, हे मी सांगितलं. मिस्तरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बायकोच्या भाजीला नाव ठेवलं.

नट निघाला, आणि हातात आली हातोडी. थेट शाफ्टच्या टोकावर, धडाधड. नट टोकापर्यंत परत चढव, लाकडाचा ठोकळा धर, नाहीतर आटे मरतील, असं म्हणेपर्यंत तीन घाव पडले होते. तुमचा जुनाच एक्सल आहे, आट्यांना काय करायचंय, असं उत्तर आलं. पटलं असतं हो, पण त्याच घावांखाली हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याचं, बेअरिंग माझंच राहणार होतं ना!

पुढचा अंक बघण्यासारखा होता. गिअरबॉक्समध्ये शिरलेलं टोक आत सर्क्लिपने, म्हणजे तारेच्या कडीने, अडकलेलं असतं. आतला जॉइंट आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये टॉमी घालून एक हिसका द्यायचा, टक्‌ करून सुटतं. यांनी शाफ्टला धरून बैल ओढावा तसा ओढला. आतला जॉइंट सुटून आला, तीन रोलर हातात आणि वाटी अजून गिअरबॉक्समध्येच! ती काढायला मग टॉमी घुसवली, तीही सीलच्या, म्हणजे ऑइल आत अडवणाऱ्या रबरी कडीच्या, कडेवर टेकवून. गिअर ऑइल आधी काढलेलंच नव्हतं, ते भसकन पोऱ्याच्या बाहीवर. किती गेलं विचारलं तर म्हणे, "थोडंसं." गिअरबॉक्समध्ये असतंच मुळात दोन-अडीच लिटर.

त्यात पार्ट आणायला गेलेला डाव्या बाजूचा एक्सल घेऊन आला. माझ्या गाडीत उजवा लांब, डावा आखूड. परत जा, परत ये. चार वाजले.

नवीन एक्सलबरोबर नवा नट हवा. जुनाच नट फडक्याने पुसून, पुन्हा ठोकून बसवला. टॉर्क पाना? खांदा आहे ना! सील बदललं का, तर "चांगलं शे भाऊ." ऑइल मी स्वतः दुकानातून आणून भरायला लावलं, नाहीतर तसाच पाठवत होता.

राग हातोडीचाही नाही. अम्बॅसिडर आणि जीपवर हात बसलेल्या जुन्या मिस्तरीने ठोकाठोकी केली असती तर समजून घेतलं असतं. पण पुढच्या चाकांवर चालणारी मारुती 800 आली 1983 साली. चाळीस वर्षं उलटली! हा मिस्तरी तर तिच्यानंतर जन्मलेला. हजारो एक्सल यांच्या हातून गेले असतील, तरी दर वेळी पहिल्यांदाच बघतोय अशी झटापट. आणि वर गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की, "तुम्ही इंजिनिअर शे का?"

काल फोन केला. म्हणाला, नवीन एक्सल आहे, बसायला वेळ लागतो, थोडंफार गळतंच. सील काय नवी सून आहे का, रुळायला?

आज पुठ्ठ्यावर पाच थेंब होते. शुक्रवारी पारोळ्याला मामेबहिणीची हळद आहे. एसटीने चाललोय.