येशूने शिकवलेलं आपल्याला थेट लागू आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ या वचनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय असा. येशूने पृथ्वीवर असताना जे शिकवलं ते मोशेच्या नियमशास्त्राखालच्या यहुद्यांना शिकवलं. इस्राएलाच्या घराण्यातल्या हरवलेल्या मेंढरांखेरीज मला कोणाकडे पाठवलेलं नाही, असं तो स्वतःच म्हणतो (मत्तय १५:२४). नवा करार, मृत्युपत्रासारखा, त्याच्या मरणानंतर अंमलात आला (इब्री ९:१६-१७). परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्यांचा, प्रेषित पौल आहे (रोम ११:१३), तेव्हा मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने, पौलाच्या पत्रांप्रमाणे चालावं. डोंगरावरचं प्रवचन (मत्तय ५-७), ज्यात वैऱ्यांवर प्रीती करा हे वचन आहे, ते ख्रिस्ताच्या येणाऱ्या राज्यासाठी आहे, आणि ते आजच्या विश्वासणाऱ्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे त्याला कृपेतून ओढून पुन्हा नियमशास्त्राखाली नेणं. ‘तुम्ही लोकांवर जे ओझं लादत आहात ते देवाने लादलेलं नाही,’ असं तुम्ही शेवटी लिहिलंत. हे वाक्य मला फार लागलं, कारण आरोप खरा असेल तर तो गंभीर आहे.

तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. येशू यहुदी होता, यहुद्यांशी बोलत होता, आणि हे विसरून शुभवर्तमान वाचणाऱ्यांनी बराच गोंधळ घातला आहे. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला तो याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेलं अर्पण वाहायला सांगतो (मत्तय ८:४). वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं म्हणतो तेव्हा ती वेदी यरुशलेमच्या मंदिरातली आहे. ते मंदिर रोमी सैन्याने इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त केलं. ती आज्ञा आज अक्षरशः कोणीच पाळू शकत नाही. समेट मात्र आजही करता येतो.

पण एखादी गोष्ट कोणाला उद्देशून सांगितली आणि ती कोणाकोणाला लागू आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ते एक झाले आहेत. हाच निकष पौलाला लावून पाहा. करिंथकरांस पत्र मूर्तींना दाखवलेल्या मांसावरून भांडणाऱ्या एका बंदरी शहरातल्या लोकांना लिहिलेलं आहे. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र मुख्यतः एका घरमालकाला, त्याच्या एका दासाबद्दल आहे. ‘हे आपल्याला उद्देशून नाही’ म्हणून कोणी ती पत्रं बाजूला ठेवत नाही. मग हा नियम फक्त येशूलाच का लावायचा?

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पौलाचं ऐकायचं, असं तुम्ही म्हणता. ऐकूच या. येशूच्या शब्दांचं पौल स्वतः काय करतो?

मत्तयाचा दहावा अध्याय घ्या. तुमचा सगळ्यात भक्कम आधार तोच आहे. येशू आपल्या बारा शिष्यांना सुवार्ता सांगायला पाठवताना स्पष्ट बजावतो की परराष्ट्रीयांच्या वाटेने जाऊ नका, शोमरोन्यांच्या गावात शिरू नका. इस्राएलापुरता मर्यादित असा याहून स्पष्ट भाग शुभवर्तमानात शोधून सापडणार नाही. याच सूचनांमध्ये एक वाक्य आहे: कामकऱ्याला त्याचं अन्न मिळायला हवं (मत्तय १०:१०, लूक १०:७ मध्ये ‘अन्न’ऐवजी ‘मजुरी’ आहे). आणि पौल करिंथमधल्या, म्हणजे बहुतांशी परराष्ट्रीय असलेल्या मंडळीला लिहितो की सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी, असं प्रभूने ठरवून दिलं आहे (१ करिंथ ९:१४). ‘मला प्रकटीकरण झालं’ असं तो म्हणत नाही. ‘यहुद्यांना सांगितलेलं होतं, पण तत्त्व म्हणून घेता येईल’ असंही म्हणत नाही. प्रभूने आज्ञा दिली आहे, म्हणून ती लागू आहे, इतकं सरळ. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर ‘कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे’ हे वाक्य जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनाच्या जोडीला, शास्त्रलेख म्हणून येतं (१ तीमथ्य ५:१८).

आणखी थोडं थांबा, कारण इथेच पौल आपल्याला येशूचे शब्द कसे पाळायचे तेही शिकवतो. ती आज्ञा सांगून झाल्यावर तो म्हणतो की मी मात्र हा हक्क वापरलेला नाही. करिंथमध्ये तो तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३). म्हणजे आज्ञा थेट लागू आहे, पण ती यंत्रासारखी लागू होत नाही. ती कामकऱ्याच्या भल्यासाठी आहे हे ओळखून, सुवार्तेला अडथळा होऊ नये म्हणून तो आपला हक्क सोडतो. खुद्द येशूनेही असंच केलं. थैली, झोळी न घेता तुम्हाला पाठवलं तेव्हा काही उणं पडलं का, असं तो शेवटच्या रात्री शिष्यांना विचारतो, आणि म्हणतो, आता मात्र ज्याच्याकडे थैली आहे त्याने ती घ्यावी (लूक २२:३५-३६). कोणती सूचना त्या प्रवासापुरती होती हे त्याने स्वतःच सांगितलं. वैऱ्यांवर प्रीती करण्याबद्दल असं काही त्याने म्हटल्याचं तुम्हाला कुठे आढळलं आहे का? मला आढळलेलं नाही.

दुसरं उदाहरण घटस्फोटाचं. यहुदियात परूशांनी येशूला विचारलेला प्रश्न पूर्णपणे नियमशास्त्रातला होता, मोशेच्या सूटपत्राबद्दलचा. येशूचं उत्तर मोशेच्याही मागे, उत्पत्तीपर्यंत जातं. आणि करिंथच्या विवाहितांना पौल काय लिहितो? ‘मी नव्हे, तर प्रभू आज्ञा करतो’ (१ करिंथ ७:१०). दोनच वचनांनंतर, जिथे येशूचा शब्द त्याच्या हाताशी नाही तिथे तो तितक्याच प्रामाणिकपणे लिहितो की हे प्रभू नव्हे, मी सांगतो. येशूचा शब्द असेल तर विषय मिटला, नसेल तर प्रेषिताने विचार करून सांगायचं, हा पौलाचा क्रम आहे. तुम्ही पौलाच्या नावाने मांडता तो क्रम याच्या बरोबर उलटा आहे.

रोमकरांस पत्रातलं ‘छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या’ (१२:१४) येशूच्या वचनाशी ताडून पाहा, याकोबाच्या पत्रातलं ‘तुमचं होय ते होय असो’ (५:१२) डोंगरावरच्या प्रवचनाशी ताडून पाहा. एवढं पुरे.

लूकचा विचार करताना तर मला तुमची मांडणी अजिबात पटत नाही. लूक हा पौलाचा सोबती. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘लूक मात्र माझ्याजवळ आहे’ असं वाक्य येतं. मंडळीची प्राचीन परंपरा याच लूकला शुभवर्तमानाचा लेखक मानते. तो ते थियफिल या ग्रीक नावाच्या माणसासाठी लिहितो, आणि कशासाठी? ज्या गोष्टींचं शिक्षण तुला मिळालं त्यांची खात्री पटावी म्हणून (लूक १:४). त्यात ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ आहे, ‘मला प्रभू प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते का करत नाही’ हेही आहे. येशूचं शिक्षण मंडळीच्या कामाचं नसतं, तर पौलाच्या सहवासात राहिलेल्या माणसाने, वधस्तंभानंतर इतक्या वर्षांनी, ते इतक्या निगुतीने का लिहून ठेवलं असतं?

इब्री ९ मधल्या मृत्युपत्राबद्दल. माणूस मृत्युपत्र जिवंतपणीच करतो. त्याच्या मरणाने त्याचा अंमल सुरू होतो, मजकूर रद्द होत नाही. हे वचन तुमच्या बाजूचं आहे असं तुम्हाला वाटतं. मला ते नेमकं माझ्या बाजूचं वाटतं. प्रभुभोजनाचे शब्दही वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचेच आहेत, आणि पौल तेच करिंथकरांना सोपवून देतो (१ करिंथ ११:२३-२५). शिवाय पुनरुत्थानानंतर, सर्व राष्ट्रांच्या संदर्भात, येशू काय सांगतो? ‘जे काही मी तुम्हाला आज्ञापिलं ते सर्व त्यांना पाळायला शिकवा’ (मत्तय २८:२०). या वाक्यापर्यंत पोचलेला मत्तयाचा वाचक ‘जे काही’ म्हणजे काय ते मागच्या पानांवरच वाचून आलेला असतो. त्यात डोंगरावरचं प्रवचन पहिलं आहे.

आता कृपेचा प्रश्न. तुमची खरी काळजी इथे आहे आणि मला तिचा आदर आहे. तुम्ही दोन वचनं समोरासमोर ठेवलीत. मत्तय ६:१४-१५: तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही तुमची क्षमा करणार नाही. इफिस ४:३२: देवाने ख्रिस्तामध्ये तुमची क्षमा केली, तशी तुम्ही करा. पहिलं नियमशास्त्र, दुसरं कृपा, असं तुम्ही म्हणता. १९०९ साली छापल्या गेलेल्या, अमेरिकन धर्मोपदेशक स्कोफील्ड यांच्या टिपांसह असलेल्या बायबलमध्ये नेमका हाच फरक केलेला आहे, आणि तिथून तो जगभर पसरला. स्कोफील्ड यांच्याशी न्यायाने वागायचं तर हेही सांगायला हवं की डोंगरावरच्या प्रवचनातून ख्रिस्ती माणसाने नैतिक बोध घ्यावा, असं त्यांनीही लिहिलं आहे.

पण येशू क्षमेबद्दल एवढंच बोलला का? मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला पुन्हा वाचा, सावकाश. राजाचा एक दास दहा हजार तालांताचं देणं लागतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. ‘मला सवलत द्या, सगळं फेडीन,’ असं तो गयावया करतो. ते अशक्य आहे हे राजाला दिसतं, आणि तो हप्ते बांधून देत नाही, सगळं कर्ज सोडून देतो. ही कृपा नाही तर काय आहे? मग तो दास बाहेर जातो, शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. शंभर दीनार ही क्षुल्लक रक्कम नाही, हे लक्षात घ्या. शंभर दिवसांची मजुरी बुडणं गरीब माणसाला जिव्हारी लागतं. आपला अपराध करणाऱ्याने आपलं खरंच नुकसान केलेलं असतं, हे येशू नाकारत नाही. पण इथे आधी राजाची क्षमा आहे, मग दासाकडून अपेक्षा, आणि ती झिडकारल्यावर न्याय. इफिसकरांस पत्रातला क्रम हाच आहे. येशूच्या शिकवणीत कृपा नाही, ती पौलाकडे गेल्यावरच सापडते, असं मानणं मला येशूवर अन्याय वाटतो. दोन वचनं एकमेकांसमोर उभी करण्याआधी हा दाखला मध्ये ठेवा, एवढीच विनंती.

आणि येणाऱ्या राज्याबद्दल: ते राज्य नीतिमत्त्वाचं, तर तिथे गालावर चापट मारणारा कोण असेल? एक मैल जबरदस्तीने नेणारा कोण? माझ्यामुळे लोक तुमची निंदा व छळ करतील, असं येशू म्हणतो. कसर, जंग, चोर यांच्याबद्दल बोलतो. हे प्रवचन आजच्याच जगात जगायचं आहे, हे त्याच्या ओळीओळीत दिसतं.

सुरुवातीच्या मंडळ्यांनीही ते तसंच घेतलं. ‘दिदाखे’ म्हणून एक छोटी नियमावली आहे, पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. तिचं पूर्ण हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं. तिच्या लांब शीर्षकानुसार ती राष्ट्रांसाठी, म्हणजे परराष्ट्रीयांसाठी आहे. तिची सुरुवातच शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, दुसरा गाल पुढे करा, एका मैलाऐवजी दोन मैल जा, अशी होते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर बाप्तिस्मा द्या, असं पुढे म्हटलं आहे. दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणा, असंही आहे, म्हणजे ‘आमच्या ऋणाची आम्हाला सूट दे’ हेसुद्धा. दिदाखे शास्त्रलेख नाही, तिने तुमचा मुद्दा खोडून निघतो असं मी म्हणत नाही. पण नव्या विश्वासणाऱ्याला पाण्यात उतरण्याआधी काय शिकवलं जाई, याची ती साक्ष आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: ‘मग तुम्ही सगळं विकून गरिबांना वाटलं का?’ सगळं विकून गरिबांना दे, हे येशूने त्याच्याकडे आलेल्या एका श्रीमंत तरुणाला सांगितलेलं होतं. जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता देईन म्हटलं, तेव्हा आज या घराला तारण मिळालं, असं तोच येशू म्हणाला. लूकच्या आठव्या अध्यायातल्या स्त्रिया आपल्या मालमत्तेतून त्याची सेवा करत होत्या, त्यांना त्याने सगळं विकायला लावलेलं दिसत नाही. म्हणजे एकाला दिलेली आज्ञा आणि सर्व शिष्यांना दिलेली आज्ञा यांतला फरक शुभवर्तमानातूनच कळतो, त्यासाठी येशूला दुसऱ्या युगात पाठवावं लागत नाही. पण त्या तरुणाची गोष्ट वाचून मी निवांतही बसू शकत नाही. धनवानांनी धनावर आशा ठेवू नये, उदार व्हावं, पुढच्या काळासाठी चांगला साठा करावा, असं पौलाच्याच नावाने आलेलं पत्र सांगतं (१ तीमथ्य ६:१७-१९). साठा हा शब्द येताच, ‘स्वर्गात संपत्ती साठवा’ असं सांगणारा मत्तयाचा सहावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही.

तुम्ही पुन्हा लिहालच, आणि लिहावं अशी माझी इच्छा आहे. तेव्हा एका वचनाचा खुलासा जरूर करा: १ करिंथ ९:१४. परराष्ट्रीयांचा प्रेषित, परराष्ट्रीय मंडळीला, केवळ इस्राएलासाठी म्हणून दिलेल्या सूचनांमधली आज्ञा ‘प्रभूची आज्ञा’ म्हणून का सांगतो? तुमच्या मांडणीत या वचनाला जागा कुठे आहे?